पाणी कोणाच्या शेतात, हा प्रश्न कुठल्या शाखेचा?

विज्ञान-तंत्रज्ञान शिकणाऱ्या मुलांना इतिहास, साहित्य, अर्थशास्त्र, तत्त्वज्ञान हेही नीट शिकवावं का, हा वाद मराठी घरांत दर जूनमध्ये होतो. बहुतेक वेळा तो लवकर मिटतो, कारण एका बाजूला पगाराचा आकडा असतो आणि दुसऱ्या बाजूला नुसती हळहळ. हळहळ ऐकून कोणी आपला निर्णय बदलत नाही. दोन्ही बाजू पूर्ण ताकदीने समोरासमोर याव्यात म्हणून हा संवाद लिहिला आहे. बोलणारी माणसं कल्पित आहेत. भाऊजी मेकॅनिकलचे पदविकाधारक; एमआयडीसीत त्यांचा गाड्यांचे सुटे भाग बनवणारा छोटा कारखाना आहे. वहिनी कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवतात. त्यांच्या लेकीची दहावी नुकतीच झाली आहे. माझं मन वहिनींच्या बाजूला आहे, हे आधीच सांगतो. पण भाऊजींचे काही प्रश्न असे आहेत की त्यांना उत्तर दिल्याशिवाय ती बाजू घेण्याचा मला हक्क नाही.

भाऊजी : वहिनी, पोरीला गणितात 98 आहेत, विज्ञानात 96. दादा म्हणाला, तुम्ही तिला अकरावीला मराठी ठेवायला सांगताय. सायन्सची बहुतेक मुलं मराठीऐवजी आयटी घेतात. अभ्यास थोडा, मार्क भरपूर. ही निबंध लिहीत बसली तर सीईटीची तयारी कधी करणार?

वहिनी : म्हणजे सोळाव्या वर्षी तिचा आणि मराठीचा अभ्यासापुरता संबंध संपला. इतिहास-भूगोल दहावीलाच संपला. भाऊजी, याच वयात मुलं पहिल्यांदा स्वतःची मतं बनवायला लागतात, आणि नेमकं तेव्हाच आपण मत मांडण्याची सगळी साधनं त्यांच्याकडून काढून घेतो. पुढची दोन वर्षं चार पर्यायांपैकी एक निवडत बसायचं.

भाऊजी : मतं नंतरही बनतात. नोकरीची वेळ एकदा गेली की गेली. आपल्या घरची चार एकर कोरडवाहू तुम्ही पाहिलीच आहे. डिप्लोमा झाला म्हणून मी लेथवर उभा राहू शकलो, मग कर्ज मिळालं, मग शेड झाली. माझ्याबरोबरचा एक जण बी.ए. झाला, एम.ए. झाला आणि पस्तिशीपर्यंत स्पर्धा परीक्षांचे फॉर्म भरत राहिला. माझ्यापेक्षा हुशार होता. या पदवीवर कोणी दारात उभं करणार नाही, हे त्याला वेळेवर सांगणारं कोणी नव्हतं.

वहिनी : हे मी नाकारत नाही. ज्या घरात पहिला पगार यायचा आहे, तिथल्या मुलाला ‘फक्त आवड बघ’ असं मी कधीच सांगत नाही. पोरगी इंजिनिअर होऊ दे. त्याबरोबर आणखी काय शिकणार, एवढंच मी विचारते आहे.

भाऊजी : मग वेळेचा हिशेब मांडा. चार वर्षं, आठ सेमिस्टर. त्यात थर्मोडायनॅमिक्स, स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्स, मशीन डिझाइन, वर आता पायथन आणि डेटा सायन्स. तरीही मुलं बाहेर पडतात तेव्हा मायक्रोमीटर धड धरता येत नाही. माझ्याकडे आलेल्या इंजिनिअरला पहिले सहा महिने मी ड्रॉइंग वाचायला शिकवतो. यातले तास काढून नाटक-कादंबरीला कसे देणार?

वहिनी : ड्रॉइंग वाचायला शिकल्यावर सगळं जमतं का त्यांना?

भाऊजी : कुठलं! परवाचंच घ्या. कंपनीकडून माल परत आला, बोअर मोठा. नव्या पोराला म्हटलं, व्हाय-व्हाय कर. म्हणजे दोष का आला, त्याचं कारण काय, त्या कारणाचं कारण काय, असं खाली खाली जायचं. त्याने तीन ओळी लिहून आणल्या. ऑपरेटरने माप तपासलं नाही. का? ऑपरेटर निष्काळजी. उपाय? ऑपरेटरला ट्रेनिंग दिलं. बारा वर्षं त्या मशीनवर काम करणारा माणूस! मी स्वतः जाऊन उभा राहिलो. इन्सर्ट, म्हणजे हत्याराची कापणारी पाती, बदलायची वेळ नेमकी पाळी बदलताना येत होती. नवा इन्सर्ट लावला की जुन्या झिजेसाठी दिलेला ऑफसेट काढायचा असतो. सुटणाऱ्या पाळीला वाटायचं नवी पाळी काढेल, नव्या पाळीला वाटायचं काढला असेल. त्यात महिनाअखेरची घाई, आणि ती घाई ऑफिसातून आलेली. यातलं काही त्या पोराच्या कागदावर नव्हतं.

वहिनी : तुम्ही तिथे उभं राहून जे केलंत, ते आमच्या विषयाचं मुख्य काम आहे. बारावीच्या मुलाला विचारा, मराठे पानिपतात का हरले. गाइडमधले सात मुद्दे धाडधाड म्हणून दाखवेल, आणि त्यात सेनापती भाऊसाहेबांचा हट्टी स्वभाव असतोच. तुमच्या पोराचा ‘ऑपरेटर निष्काळजी’ आणि हा मुद्दा, दोन्ही एकाच जातीचे. माणसावर बोट ठेवलं की चौकशी बंद. मी वर्गात गाइड मिटायला लावते आणि विचारते, 14 जानेवारी 1761 ला सैन्य उपाशीपोटी का लढलं? रसद तुटली होती. का तुटली? ऑक्टोबर 1760 च्या अखेरीस अब्दाली यमुना ओलांडून आला आणि मराठे व दिल्ली यांच्या मधोमध बसला. रसद धाडणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. पण एवढं मोठं सैन्य एकाच वाटेवर का अवलंबून होतं? आजूबाजूला मित्र का नव्हते? सूरजमल जाट का निघून गेला, राजपूत बाजूला का राहिले? त्यांच्याकडून वसुली कशी होत होती? आणि वसुलीची एवढी निकड का होती? तिथून पेशव्यांच्या कर्जापर्यंत जावं लागतं. प्रत्येक उत्तराला कागद लागतो. तो कागद कोणी लिहिला, कधी लिहिला, लिहिणाऱ्याचा त्यात काय स्वार्थ, हेही बघावं लागतं. हा अभ्यास ज्याने महिनाभर मन लावून केला, तो ‘ऑपरेटर निष्काळजी’ लिहून तुमच्या टेबलावर कागद ठेवणार नाही.

भाऊजी : असं कोणी शिकवलं असतं तर मीही बसलो असतो वर्गात. पण वहिनी, तुम्ही स्वतःवरून सगळ्यांना मोजताय. कुठल्याही कला महाविद्यालयासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात जा. नोट्सचे गठ्ठे, अपेक्षित प्रश्नसंच. मूळ पुस्तक हातात न घेता बी.ए. होता येतं. आणि आता नव्या धोरणाने इंजिनिअरिंगलाही हे विषय लावले. भाच्याच्या कॉलेजात काय झालं? मूल्यशिक्षणाची पीडीएफ व्हॉट्सॲपवर आली, वीस पर्यायी प्रश्न सोडवले, क्रेडिट जमा. हे तुमचं सर्वांगीण शिक्षण? यापेक्षा ते दोन तास वर्कशॉपमध्ये घाम गाळला असता तर बरं.

इथे मी भाऊजींच्या बाजूने आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात बहुविद्याशाखीय शिक्षणाचा आग्रह आहे आणि तो योग्यच आहे. पण ज्याला स्वतःला मूळ ग्रंथ वाचण्याची सवय नाही, अशा शिक्षकाकडून, नोट्सच्या आधारे आणि पर्यायी प्रश्नांच्या परीक्षेने तत्त्वज्ञान शिकवलं तर मुलांच्या मनात त्या विषयाबद्दल कायमची अढी बसते. मानव्यविद्यांचं नुकसान अभियंत्यांच्या दुर्लक्षाने झालं त्याहून जास्त गाइडांनी केलं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. वहिनीही ते नाकारत नाहीत.

वहिनी : त्या पीडीएफची बाजू मी घेणार नाही. ती बंद करा. पण विहिरीत गाळ साचला म्हणून आपण विहीर बुजवत नाही, उपसतो. इंजिनिअरला नीट लिहिता न येण्याची किंमत काय असते, ते मला सांगू द्या. कल्पना चावला ज्यात गेली ते कोलंबिया यान. 16 जानेवारी 2003 ला ते उडालं आणि दीड मिनिटाच्या आत बाहेरच्या टाकीवरचा फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. यान वर फिरत होतं तेव्हा खाली अभियंत्यांनी हिशेब करून वरिष्ठांपुढे स्लाइड मांडल्या. त्यातल्या एका स्लाइडवर सगळ्यात महत्त्वाची गोष्ट कुठे होती? सगळ्यात खाली, बारीक अक्षरात. ज्या चाचण्यांच्या आधारावर ‘धोका दिसत नाही’ असा सूर वर लावला होता, त्या चाचण्यांतला तुकडा होता 3 घन इंचांचा. प्रत्यक्षात आदळलेला होता सुमारे 1920 घन इंचांचा. सहाशे चाळीस पट मोठा!

भाऊजी : सहाशे चाळीस पट? मग त्या चाचणीचा उपयोगच नाही. माझ्या क्वालिटीवाल्याने असा रिपोर्ट आणला तर मी फाडून टाकेन.

वहिनी : तुम्ही फाडाल, कारण तुम्ही शेवटची ओळ वाचाल. तिथे ती कोणी मनावर घेतली नाही. 1 फेब्रुवारीला परत येताना यान टेक्सासवर फुटलं, सातही जण गेले. चौकशी समितीने अहवालात त्या स्लाइडवर स्वतंत्र लिहिलं आहे. एखादा वरिष्ठ अधिकारी ही स्लाइड वाचूनही इथे जिवाचा प्रश्न आहे हे त्याच्या लक्षात येणार नाही, असं त्यांचं म्हणणं. सविस्तर तांत्रिक लेखाच्या जागी स्लाइड वापरण्याच्या सवयीवरही त्यांनी ठपका ठेवला. गणित करणारे हुशारच होते. ‘आमच्याकडे या आकाराच्या तुकड्याची कसलीच माहिती नाही, म्हणून आम्हाला पंखाचे फोटो हवेत,’ हे साधं वाक्य सगळ्यात वर लिहायला हवं होतं. त्यासाठी आधी आपल्याला नेमकं काय माहीत नाही ते ओळखावं लागतं, मग वाचणाऱ्याच्या जागी बसून विचार करावा लागतो, आणि मग वरिष्ठांना नकोसं वाटेल ते सरळ लिहावं लागतं.

भाऊजी : कबूल. पण यासाठी तांत्रिक लेखन शिकवा. सहा महिन्यांचा कोर्स. कादंबरी कशाला? आणि एक गोष्ट मला कायम खटकते. साहित्य, संगीत, तत्त्वज्ञान शिकल्याने माणूस सुधारतो असं तुम्ही मंडळी म्हणता. जर्मनीत काय कमी होतं? बीथोवेन त्यांचा, गटे त्यांचा, कांट त्यांचा.

वहिनी : यापुढचं मीच सांगते. 20 जानेवारी 1942 ला बर्लिनच्या वानझे भागात एका बंगल्यात पंधरा अधिकारी जमले आणि युरोपातल्या ज्यूंना संपवण्याच्या कामाची आखणी केली. पंधरांपैकी निम्म्याहून अधिक लोक डॉक्टरेट मिळवलेले होते, बहुतेक कायद्यातले. पुस्तकं वाचून माणूस चांगला होतो असं कोणी म्हटलं की मला हीच बैठक आठवते, म्हणून मी तसं म्हणत नाही. पण भाऊजी, छळछावण्यांतल्या प्रेतं जाळायच्या अनेक भट्ट्या कोणी बांधल्या? एरफुर्ट शहरातल्या टॉप्फ नावाच्या कंपनीने. तिचे अभियंते भट्टीची क्षमता, इंधनाची बचत यावर पत्रव्यवहार करत होते. त्यांच्यातल्या एकाने 1942 मध्ये जास्त क्षमतेच्या भट्टीच्या रचनेसाठी पेटंटचा अर्जही केला. त्याच्यासाठी तो डिझाइनचा प्रश्न होता. त्या कारखान्याच्या जागी आज स्मारक आहे. इंजिनिअरिंगच्या मुलांना हे कळायला हवं की नको?

भाऊजी : कळायला हवं. पण ते कळूनही एखादा नोकरीसाठी गप्प बसेल.

वहिनी : बसेल. धैर्य अभ्यासक्रमात घालता येत नाही. पण ज्याच्या मनात ‘हे कशासाठी’ हा प्रश्नच कधी आला नाही, त्याच्या धैर्याचाही काही उपयोग होत नाही.

भाऊजी थोडा वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी जो मुद्दा काढला तो मला या वादातला सगळ्यात कठीण वाटतो.

भाऊजी : या सगळ्या दूरच्या गोष्टी. आपल्याकडची सांगा. आपल्याला धरणं हवीत, रस्ते हवेत, वीज हवी. दुष्काळी तालुक्यात पाणी आणायला हायड्रॉलिक्स लागतं. तिथे तुमचा इतिहास आणि समाजशास्त्र काय कामाचं?

वहिनी : तुम्ही विलासराव साळुंखे यांचं नाव ऐकलं असेल. तुमच्यासारखेच अभियंते, पुण्यात स्वतःचा कारखाना. 1972 च्या दुष्काळात ते पुरंदर तालुक्यात हिंडले. लोक दुष्काळी कामावर खडी फोडत होते. साळुंख्यांनी नायगावला देवस्थानची चाळीस एकर उताराची, पडीक जमीन खंडाने घेतली. बांधबंदिस्ती केली, खाली पाणी अडवलं, मुरवलं, विहीर घेतली, उपसा करून वर आणलं. इथपर्यंत सगळं इंजिनिअरिंग. एखादा दुसरा अभियंता इथे थांबला असता आणि त्याला कोणी नावही ठेवलं नसतं.

भाऊजी : पाणी आलं ना वर? मग?

वहिनी : मग कोणाच्या शेतात सोडायचं? नेहमीच्या पद्धतीने ज्याची जमीन जास्त त्याला पाणी जास्त, आणि तो लावणार ऊस. साळुंख्यांनी तिथे पाणी पंचायत उभी केली आणि तिचे नियम असे होते की पाणी जमिनीवर नाही, घरातल्या माणसांच्या संख्येवर मिळेल. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरतं. पाण्याचा हक्क जमिनीबरोबर विकता येणार नाही. भूमिहीनालाही वाटा. ऊस लावायचा नाही. खर्चातला काही हिस्सा लाभ घेणाऱ्यांनी स्वतः द्यायचा. यातला एक तरी नियम हायड्रॉलिक्सच्या पुस्तकात सापडेल का? पंपाचा हेड किती, पाइपचा व्यास किती, हे पुस्तक सांगेल. पाणी माणसाचं की जमिनीचं, हे ठरवायला गावातली सत्ता, जमिनीची मालकी कशी आली, ऊस कोणाला परवडतो, बाईच्या डोक्यावरचा हंडा कुठून येतो, हे सगळं कळावं लागतं. साळुंख्यांना ते गावोगाव हिंडून कळलं. आपण वर्गात शिकवलं तर शंभर मुलांतल्या दहांना तरी कळेल.

भाऊजी : हा माणूस मात्र मला पटतो. ऊस नाही म्हणजे नाही... हे करायला छाती लागते. पण बघा, तेही स्वतःच शिकले. मोठी माणसं स्वतःच शिकतात. कॉलेजने कशाला त्यात पडायचं? कोसंबींचंच नाव घ्याल आता तुम्ही.

वहिनी : घेणारच. दामोदर धर्मानंद कोसंबी, गणिती. जनुकशास्त्रात त्यांच्या नावाचं 1944 चं सूत्र अजून वापरलं जातं. याच माणसाने भर्तृहरीच्या शतकांची पाठचिकित्सा केली आणि 1956 मध्ये भारतीय इतिहासावरचा तो ग्रंथ लिहिला ज्याने इतिहासलेखनाची दिशा बदलली. त्यांचं नाण्यांचं काम तुम्हाला आवडेल. नाणं हातोहात फिरतं तसं झिजतं. जितकं जास्त फिरलेलं, तितकं सरासरी वजन कमी आणि नाण्यानाण्यांतला फरक जास्त.

भाऊजी : टूल वेअरसारखंच.

वहिनी : अगदी. कोसंबींनी आधी त्यांच्या काळात चालू असलेली नाणी तोलून हे तपासलं. मग तक्षशिलेला सापडलेल्या चांदीच्या आहत नाण्यांना तीच पद्धत लावली. त्या नाण्यांवर ना राजाचं नाव, ना साल, नुसत्या खुणा. तरी वजनाच्या झिजेवरून कुठली आधीची, कुठली नंतरची, हा क्रम त्यांना लावता आला. संख्याशास्त्र न येणाऱ्या इतिहासकाराला हे सुचलं नसतं, आणि इतिहासाचं वेड नसलेल्या गणितज्ञाने त्या काळ्या पडलेल्या तुकड्यांकडे पाहिलंही नसतं.

भाऊजी : पण वडील धर्मानंद कोसंबी! घर पुस्तकांनी भरलेलं, शिक्षण हार्वर्डला. आपल्या वस्तीवरच्या पोराला ही उदाहरणं देऊन काय उपयोग? आणि आता तर ही लिबरल आर्ट्सची खासगी विद्यापीठं निघाली आहेत, फी ऐकून चक्कर येते. म्हणजे हे शिक्षण श्रीमंतांच्याच पोरांना.

वहिनी : याच कारणासाठी तर मी भांडते आहे! ज्याच्या घरी दोन कपाटं पुस्तकं आहेत, त्याच्या कॉलेजने काही नाही शिकवलं तरी चालेल. जेवताना आई-वडिलांच्या बोलण्यातून त्याच्या कानावर पडतच असतं. आपल्या वस्तीवरच्या पोराला ते सगळं मिळण्याची एकच जागा आहे, त्याचं सरकारी कॉलेज. तिथून तुम्ही इतिहास, साहित्य काढून टाकलंत तर त्याला कौशल्य मिळेल, नोकरी मिळेल, पण ‘काय बनवायचं’ हे ठरवणाऱ्यांच्या टेबलावर तो कधी बसणार नाही. तिथे कपाटवाल्यांचीच मुलं बसतील आणि हा त्यांनी ठरवलेलं बनवून देईल. अभियंते विश्वेश्वरय्यांचंच बघा. ते लहान असतानाच त्यांचे वडील गेले, शिकवण्या करून ते शिकले. आधी बंगळुरूच्या सेंट्रल कॉलेजमधून 1881 मध्ये बी.ए. झाले, मग म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर पुण्याला इंजिनिअरिंग. खडकवासल्याचे स्वयंचलित दरवाजे त्यांचेच. परवडत नसताना बी.ए. केलं म्हणून त्यांचं इंजिनिअरिंग काही कच्चं राहिलं नाही.

मला इथे बाळशास्त्री जांभेकरांची आठवण होते. 1832 मध्ये ‘दर्पण’ काढणारे बाळशास्त्री एल्फिन्स्टनमध्ये गणित आणि खगोलशास्त्र शिकवत होते. त्यांनी कलनशास्त्रावर मराठीत पुस्तक लिहिलं आणि ज्ञानेश्वरीची पहिली छापील आवृत्ती 1845 मध्ये त्यांनीच सिद्ध केली. पुढच्याच वर्षी, वयाच्या चौतिसाव्या वर्षी ते गेले. आधुनिक मराठी शिक्षणाच्या पहिल्या पिढीत गणित आणि ज्ञानेश्वरी एकाच माणसाच्या टेबलावर होती. शाखांच्या भिंती नंतर आपण बांधल्या, त्याही प्रशासनाच्या सोयीसाठी.

भाऊजी : समजा मान्य केलं. पण परदेशातल्या कुठल्या खऱ्या इंजिनिअरिंग कॉलेजने हे केलंय का? की नुसत्या गप्पा?

वहिनी : एमआयटीने. दुसरं महायुद्ध संपलं, अणुबॉम्ब पडून गेला होता. आपण कसले अभियंते घडवतो आहोत हे तपासायला त्यांनी समिती नेमली. अध्यक्ष होते वॉरन लुईस, म्हणजे केमिकल इंजिनिअरिंगचा माणूस, कोणी कवी नव्हे. 1949 मध्ये अहवाल आला आणि 1950 मध्ये तिथे मानव्यविद्या व सामाजिक शास्त्रांची स्वतंत्र विद्याशाखा सुरू झाली. आज तिथल्या पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला या क्षेत्रातले आठ विषय करावेच लागतात. आपल्या आयआयटी काढताना एमआयटीचाच नमुना डोळ्यांसमोर होता, म्हणून पवईलाही हा विभाग आहे. बाकीच्या शेकडो कॉलेजांनी आयआयटीची प्रवेश परीक्षा डोक्यावर घेतली, हा भाग मात्र सोडून दिला.

भाऊजी : आठ विषय! बरं, आता तुमच्या बाजूला येतो. फक्त आम्हालाच का शिकवता? तुमच्या कला शाखेच्या पोरांचं काय? माझ्या ऑफिसात बी.ए. झालेला मुलगा आहे. व्याज सरळ की चक्रवाढ, त्याला कळत नाही. टक्केवारी काढायला मोबाइल लागतो.

वहिनी : तुमचं खरं आहे, आणि याचं मला जास्त वाईट वाटतं. सी. पी. स्नो हे भौतिकशास्त्र शिकलेले कादंबरीकार. 1959 मध्ये केंब्रिजच्या व्याख्यानात त्यांनी साहित्यिकांना हेच सुनावलं होतं. तुम्ही वैज्ञानिकांना अडाणी समजता, पण उष्मागतिकीचा दुसरा नियम तुमच्यातल्या किती जणांना सांगता येईल, असं. आमच्या मुलांना सरासरी आणि मध्यक यांतला फरक कळत नाही. मग तालुक्याचं सरासरी पाऊसमान बघून ‘यंदा पाऊस बरा झाला’ म्हणतात, आणि त्याच तालुक्याच्या पूर्वेला पेरणी वाया गेलेली असते. पीकविम्याचा कागद वाचता येत नाही. औषधाच्या जाहिरातीतला टक्का कशाचा टक्का आहे, हे विचारता येत नाही. असा पदवीधर भाषणं करेल, पण कोणीही त्याला आकड्याने गप्प बसवेल. कला शाखेला संख्याशास्त्र सक्तीचं करा म्हटलं की आमच्याच स्टाफरूममध्ये आरडाओरडा होतो.

भाऊजी : मग तिथे भांडा आधी.

वहिनी : भांडते. आणि तुम्ही तुमच्या बाजूला भांडा. कंपन्यांचे लोक कॉलेजांच्या अभ्यासमंडळावर येतात, तुम्हालाही बोलावतात. तिथे जाऊन नवी सॉफ्टवेअर शिकवा एवढंच सांगता. ‘आम्हाला कारण शोधता येणारी, दोन पानं सरळ लिहिता येणारी मुलं द्या,’ असं कधी सांगितलंत?

भाऊजी : नाही सांगितलं. सांगेन. पण एक अट. त्या पीडीएफसारखं काही केलंत तर पुढच्या बैठकीला मीच ते बंद करायला लावेन. आणि पोरीला मराठीबरोबर वर्कशॉपही चुकवू देऊ नका. सुट्टीत पंधरा दिवस माझ्या शेडवर पाठवा. तिलाही एखादा व्हाय-व्हाय करू दे.

वहिनी : पाठवते.

अभ्यासमंडळांवर बसणाऱ्या सगळ्यांना माझी एक विनंती आहे. अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात नवे विषय वाढवण्याआधी, संवादकौशल्याचे जे तास आज स्लाइड कशा सजवाव्यात यात जातात, त्या तासांना कोलंबियाच्या चौकशी अहवालातलं त्या स्लाइडवरचं पान मुलांपुढे ठेवा आणि त्यांच्याकडून ती स्लाइड पुन्हा लिहून घ्या. स्थापत्यच्या मुलांना नायगावला घेऊन जा, पाणी पंचायतीचे नियम वाचायला द्या, आणि आपल्या गावात तेच नियम लावले तर कोण विरोध करेल आणि का, यावर चार पानं लिहायला सांगा. कला शाखेच्या मुलांना आपल्या जिल्ह्यातल्या पावसाचे आणि पीकविम्याचे आकडे घेऊन संख्याशास्त्र शिकवा. दोन्हीकडे परीक्षेला पुस्तक उघडून बसू द्या आणि गाइडमध्ये ज्याचं उत्तर सापडेल असा प्रश्न विचारणं यंदापासूनच बंद करा. यासाठी नवी इमारत किंवा नवं धोरण लागत नाही; उत्तरपत्रिका मन लावून वाचणारे शिक्षक लागतात. त्यांची पदं आज अनेक महाविद्यालयांत रिकामी आहेत किंवा तासिका तत्त्वावर भागवली जातात. ती आधी भरा.